विमानतळ चालू ठेवून टर्मिनल नव्याने कसे बांधतात?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्याच महिन्याच्या ८ तारखेला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले होते, आणि मुंबईच्या सांताक्रूझ येथील जुने टर्मिनल पाडून त्या जागी नवे उभारण्याचा आराखडा त्याआधीच जाहीर झालेला होता. या तिन्ही बातम्या वाचलेल्या सोलापूरकराच्या मनात एक साधा हिशेब आपोआप मांडला जातो : मुंबईत टर्मिनल मोठे झाले की विमाने वाढतील, आणि विमाने वाढली की आपल्यालाही सोयीच्या वेळेचे आणखी एखादे विमान मिळेल. हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो, परंतु तो चुकीचा आहे. तो नेमका कोठे चुकतो हे कळण्यासाठी टर्मिनल म्हणजे काय, ते जुने का होते आणि दिवसरात्र चालणाऱ्या विमानतळावर ते पाडून पुन्हा कसे बांधतात, हे क्रमाने पाहावे लागेल.

प्रथम आकारमानाचा अंदाज घेऊ. सोलापूरच्या नूतनीकरण केलेल्या टर्मिनलची क्षमता वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवाशांची आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ५.५ कोटी प्रवाशांनी ये-जा केली, म्हणजे दिवसाला सरासरी दीड लाख. सोलापूरचे टर्मिनल वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले तर जेवढी माणसे हाताळील, तेवढी मुंबईत तीन दिवस पुरे होण्याच्या आत येऊन जातात. तरीही दोन्ही इमारतींचे काम एकच आहे. रस्त्यावरून आलेल्या माणसाला तपासून, त्याचे सामान वेगळे काढून, त्याला योग्य त्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडायचे आणि विमानातून उतरलेल्याला उलट क्रमाने रस्त्यावर आणायचे. विमानतळाची भाषा वापरायची तर टर्मिनल ही शहराची बाजू आणि विमानांची बाजू यांच्यामधली वेस आहे. धावपट्टी, धावपट्टीकडे नेणारे टॅक्सी-वे आणि विमाने उभी करण्याचे एप्रन ही सारी विमानांची बाजू. रस्ते, वाहनतळ आणि निरोप द्यायला आलेले नातेवाईक ही शहराची बाजू. (आपल्याकडे एकाला परदेशी पाठवायला सात-आठ जण सहज निघतात. भारतातील टर्मिनलांसमोरचा फुटपाथ किती रुंद ठेवायचा हे ठरवताना अभियंत्यांना याही गोष्टीचा विचार करावाच लागतो.)

इमारत किती मोठी हवी, हे कसे ठरते?

वर्षाला इतके कोटी प्रवासी, असा क्षमतेचा आकडा वर्तमानपत्रात येतो. तो बातमीसाठी ठीक असला, तरी वास्तुरचनाकाराला त्याचा थेट उपयोग फारसा नसतो. पंढरपूरच्या दर्शनबारीचे उदाहरण घेऊ. वर्षभरात विठ्ठलाच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची संख्या मोजून तिला ३६५ ने भागले आणि त्या सरासरीवर दर्शनबारी बांधली, तर ती वर्षातील बहुतेक दिवस ओस दिसेल आणि आषाढी एकादशीला पहाटेच कोलमडेल. उलट केवळ आषाढीच्या गर्दीवर बेतून कायमची बांधकामे केली, तर उरलेले वर्ष त्यांची झाडलोट करण्यातच जाईल. विमानतळावरही सकाळी आणि संध्याकाळी गर्दीचे तास असतात. आंतरराष्ट्रीय विमानांची गर्दी तर आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होते. म्हणून आराखडा सरासरी तासावर आधारत नाहीत आणि वर्षातल्या सर्वांत वाईट तासावरही आधारत नाहीत. बऱ्यापैकी गर्दीचा, पण वारंवार येणारा असा एक प्रातिनिधिक तास निवडतात आणि त्याच्या हिशेबाने इमारत आखतात.

त्यानंतरचा हिशेब शाळकरी गणिताचा आहे. समजा, त्या तासात सुरक्षा तपासणीकडे १,२०० प्रवासी येतात, म्हणजे मिनिटाला २०. प्रत्येकाला रांगेसकट दहा मिनिटे लागत असतील, तर कोणत्याही क्षणी त्या दालनात २०० माणसे असतील. तपासणी मंदावली आणि दहाची वीस मिनिटे झाली, तर येणाऱ्यांची संख्या तितकीच असूनही आत ४०० माणसे साठतील. याचा अर्थ असा की रांगेचा वेळ दुप्पट झाला की जागेची गरजही दुप्पट होते, आणि वेळ अर्धा केला तर भिंत न हलवता दालन दुप्पट मोठे केल्यासारखे होते. टर्मिनलच्या पुनर्विकासात सामानाची आपोआप तपासणी करणारे पट्टे, चेहरा ओळखून आत सोडणारी दारे आणि ट्रे स्वतः परत आणणाऱ्या तपासणी मार्गिका यांवर इतका पैसा का ओततात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. चौरस फूट महाग असतात, मिनिटे त्या मानाने स्वस्त पडतात.

टर्मिनल जुने होते म्हणजे काय?

भिंतींना तडे जाणे हे टर्मिनल जुने होण्याचे सर्वांत कमी महत्त्वाचे कारण असते. सांताक्रूझचे टर्मिनल १९५८ चे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, एअर इंडियाकडे पहिले जेट विमान आले आणि १९७१ मध्ये जम्बो जेट. एका वेळी साडेतीनशेहून अधिक माणसे उतरवणारे विमान त्या इमारतीच्या कल्पनेतही नव्हते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी सहारचे टर्मिनल १९८१ मध्ये उघडले, ते या जम्बोयुगाचे अपत्य होय. पुढे डिसेंबर १९९९ च्या कंदहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास २००० सालापासून सुरुवात झाली आणि तपासणीचे टप्पे वाढले. ज्या मार्गिकेत पूर्वी एक टेबल आणि एक शिपाई पुरत असे, तेथे यंत्रे, ट्रे, पडदे आणि रांगा आल्या. जागा मात्र तेवढीच राहिली. लंडनच्या हिथ्रो विमानतळावरील जुने टर्मिनल २ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९५५ मध्ये ते वर्षाला १२ लाख प्रवाशांसाठी बांधले गेले आणि २००९ मध्ये बंद झाले तेव्हा सुमारे ८० लाख प्रवाशांचा भार वाहत होते.

अशा इमारतीला पंखे, फरशा आणि रंग देऊन भागत नाही, कारण अडचण सांगाड्यात असते. खांब ज्या अंतरावर उभे आहेत त्यांच्यामध्ये नवे तपासणी यंत्र बसत नाही, छत इतके खाली असते की वरून सामानाचा पट्टा नेता येत नाही, आणि एकेक वर्षी जोडत गेलेल्या खोल्यांमुळे प्रवाशाला सरळ जाण्याऐवजी तीन वळणे घ्यावी लागतात. मग पाडण्याशिवाय पर्याय उरत नाही, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

वाड्यात राहून वाडा बांधणे

आपल्या गावठाणातील एखाद्या कुटुंबाने जुना वाडा पाडून नवे घर बांधायचे ठरवले, आणि दुसरीकडे भाड्याने राहायला जायची सोय नसली, तर ते काय करते? प्रथम परसातील मोकळ्या जागेत दोन खोल्या उभारते, चूल तिकडे हलवते, मग वाड्याचा मागचा सोपा पाडते, तेथे बांधकाम झाले की तिकडे सरकते आणि शेवटी दर्शनी भाग पाडते. या काळात स्वयंपाक एकाही दिवशी चुकत नाही. मुंबईतील सहारचे टर्मिनल २ असेच बांधले गेले. खाजगी-सार्वजनिक भागीदारीतील कंपनीकडे २००६ मध्ये विमानतळ आल्यानंतर हे काम हाती घेण्यात आले. नवी इमारत जुन्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला खेटून, किंबहुना त्याच्याच जागेत वाढवत न्यायची होती आणि दरम्यान एकही आंतरराष्ट्रीय विमान दुसरीकडे पाठवता येत नव्हते.

वरून पाहिले तर या टर्मिनलचा आकार इंग्रजी एक्स या अक्षरासारखा दिसतो. बहुतेकांना ती वास्तुरचनाकाराची हौस वाटते. प्रत्यक्षात तो आकार अडचणीतून जन्मला आहे. मध्ये एक मुख्य सभागृह आणि त्यापासून फुटणारे लांब हात, अशी रचना असली की सभागृह आणि काही हात आधी बांधून चालू करता येतात, उरलेले हात नंतर जोडता येतात, आणि तोवर जुनी इमारत आपल्या जागी काम करत राहू शकते. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकी संस्थेची ही रचना. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय उड्डाणे नव्या इमारतीतून सुरू झाली. त्यानंतर जुन्या इमारतीचा राहिलेला भाग काढून उरलेले हात पूर्ण झाले आणि २०१५-१६ मध्ये काही कंपन्यांची देशांतर्गत विमानेही तेथे आली. १२ फेब्रुवारी २०१४ याच दिवशी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट प्रस्थान मजल्यावर नेणारा सहार उन्नत मार्ग खुला झाला, कारण शहराची बाजू तयार नसेल तर विमानांची बाजू कितीही सज्ज असून उपयोग नसतो.

त्या टर्मिनलमध्ये मोराच्या पिसाऱ्याची आठवण करून देणारे छत आहे, ते तोलणारे ३० भव्य स्तंभ आहेत आणि सुमारे तीन किलोमीटर लांबीची कलाभिंत आहे. छायाचित्रे याच गोष्टींची निघतात. माझ्या मते मात्र त्या इमारतीतील खरी कल्पकता तिच्या टप्प्याटप्प्याने वाढू शकणाऱ्या नकाशात आहे, आणि ती विमानतळावर उभे राहून दिसत नाही.

चालू विमानतळावर बांधकाम करण्याची आणखी एक अडचण सोलापूरकरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. होटगी रस्त्यावरील विमानतळालगतच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्याआधीची कित्येक वर्षे ‘विमानसेवा आणि चिमणी’ हा या शहरातील चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंतचा विषय होता. त्या वादात कोण बरोबर होते हा या लेखाचा विषय नाही. त्यामागचे तत्त्व येथे उपयोगी आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून आणि दोन्ही कडांपासून हवेत वर चढत जाणारे काल्पनिक उतार आखलेले असतात आणि त्यांना छेदणारी कोणतीही वस्तू धोक्याची मानली जाते. मोठ्या धावपट्टीच्या कडेचा हा उतार साधारण एकास सात असा असतो, म्हणजे कडेपासून सात मीटर दूर गेल्यावर एक मीटर उंची मिळते. टर्मिनलचे छत या उताराखाली राहावे लागते, उभ्या विमानाचे शेपूटही राहावे लागते, आणि बांधकामासाठी आणलेली क्रेनसुद्धा राहावी लागते. म्हणून शहरातील इमारतीसाठी जी क्रेन सहज वापरतात, ती विमानतळावर प्रत्येक वेळी उंची मोजून, परवानगी घेऊन आणि टोकाला लाल दिवा लावून उभी करावी लागते. मुंबईत तर वाहतूक नियंत्रणाचा जुना मनोराच नव्या टॅक्सी-वेच्या आड येत होता. अखेर दुसऱ्या जागी ८३.८ मीटर उंचीचा नवा मनोरा बांधून १ जानेवारी २०१४ पासून काम तिकडे हलवण्यात आले.

उंचीइतकीच चिंता जमिनीवरच्या बारीकसारीक वस्तूंची असते. बांधकामावरून उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, पडलेला नट, तारेचा तुकडा इंजिनात ओढला गेला तर काही कोटींचे यंत्र निकामी होऊ शकते. त्यामुळे विमानांच्या बाजूला काम करणाऱ्या प्रत्येक मजुराची आधी पडताळणी होते, त्याला वेगळा पास लागतो, आत नेलेली अवजारे मोजून नेतात आणि मोजून बाहेर काढतात. एरव्ही एका पाळीत होणाऱ्या कामाला येथे दीड-दोन पाळ्या लागतात. जमिनीखाली तर याहून वाईट स्थिती असते. साठ वर्षांत टाकलेल्या विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा, इंधनाच्या नळ्या आणि पावसाळी गटारे यांची जाळी कागदावर एक आणि मातीत दुसरी निघते. खोदताना चुकीची तार तुटली तर रांगेत उभ्या असलेल्या हजारो माणसांचे चेक-इन बंद पडते. मुंबईचा पावसाळा या सगळ्याच्या वर.

रिकाम्या घराचा प्रश्न

लहानपणी पंधरा चौकटींचा सरकवण्याचा खेळ बहुतेकांनी खेळलेला असतो. सोळा घरे, पंधरा सोंगट्या आणि एक घर रिकामे. ते एक घर रिकामे नसेल तर एकही सोंगटी हलत नाही. टर्मिनलांचा पुनर्विकास हा नेमका हाच खेळ आहे. कोणत्या विमानतळाने आपले रिकामे घर कोठून आणले, एवढे पाहिले की त्या प्रकल्पाची निम्मी कथा कळते.

हिथ्रोने टर्मिनल ५ आधी बांधले आणि ते २००८ मध्ये सुरू झाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत इतर कंपन्या हलवून जुने टर्मिनल २ पूर्ण पाडले. त्याच जागी ४ जून २०१४ रोजी नवे उघडले. सिंगापूरच्या चांगी विमानतळाला रिकामे घर महासाथीने दिले. प्रवासी उरले नाहीत म्हणून मे २०२० मध्ये टर्मिनल २ बंद ठेवले गेले, विस्ताराचे काम त्या काळात वेगाने उरकले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पूर्णपणे खुले झाले. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाकडे तर जागाच नव्हती. तेथे टर्मिनल बी टप्प्याटप्प्याने उभारले गेले, आणि विमाने खालून जाऊ शकतील इतके उंच पादचारी पूल टाकून विमाने जेथे लागतात ते फलाटासारखे भाग मुख्य इमारतीपासून वेगळे केले गेले, जेणेकरून विमानांना वळायला जास्त मार्ग मिळावेत.

दिल्लीचा अलीकडचा अनुभव या खेळाचे दोन्ही पैलू दाखवतो. २८ जून २०२४ रोजी मुसळधार पावसात टर्मिनल १ च्या जुन्या प्रस्थान भागासमोरील छताचा काही भाग कोसळला आणि एका व्यक्तीचा मृत्यू झाला. ते टर्मिनल बंद करून विमाने २ आणि ३ कडे वळवता आली, ती तेथे थोडी उसंत होती म्हणूनच. पुढे एप्रिल २०२५ मध्ये टर्मिनल १ पूर्णपणे सुरू होताच १९८६ पासूनचे टर्मिनल २ दुरुस्तीसाठी बंद केले गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते परत उघडले. सोंगटी हलली, रिकामे घर बदलले.

मुंबईकडे असे घर नव्हते. दिल्लीचा विमानतळ पाच हजार एकरांहून मोठा आहे, मुंबईचा साधारण १,८५० एकरांचा, आणि त्यातीलही बरीच जमीन वस्त्यांखाली आहे. सांताक्रूझच्या टर्मिनल १ मधून वर्षाला सुमारे दीड कोटी प्रवासी ये-जा करतात. ते टर्मिनल पाडायचे तर या माणसांना कोठे ठेवायचे? सहारचे टर्मिनल २ आधीच भरलेले. म्हणूनच सांताक्रूझच्या पुनर्विकासाची गाठ नवी मुंबईशी बांधलेली आहे. तेथून प्रत्यक्ष उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली आणि पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. कागदावर दोन कोटी दीड कोटीहून जास्त असले, तरी नवा विमानतळ पहिल्या दिवशी पूर्ण क्षमतेने चालत नाही. शिवाय मुंबई परिसराची वाढती मागणीही त्याच जागेत मावायची असते. नवी मुंबई सुरू होताच पाडकाम हाती घेण्याचा मूळ बेत पुढे सरकला, त्याचे मूळ या साध्या वजाबाकीत आहे.

इमारत तयार झाली, म्हणजे टर्मिनल तयार झाले का?

नाही. बर्लिनचा नवा विमानतळ जून २०१२ मध्ये उघडायचा होता. आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा नीट चालत नसल्याने उद्घाटन ऐन वेळी रद्द झाले आणि तो ३१ ऑक्टोबर २०२० रोजी उघडला. अमेरिकेतील डेन्व्हरचा विमानतळ सामानाच्या स्वयंचलित पट्ट्यांनी साथ न दिल्यामुळे सोळा महिने उशिरा, १९९५ मध्ये सुरू झाला. हिथ्रोच्या टर्मिनल ५ मध्ये २७ मार्च २००८ रोजी, पहिल्याच दिवशी, सामानाची व्यवस्था कोलमडली. कर्मचाऱ्यांना आपले वाहनतळ आणि आपली दारे सापडेनात, आणि पुढील काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. तिन्ही ठिकाणी खांब, छत आणि काचा उत्तम होत्या.

या अनुभवांतून आता रंगीत तालमीची पद्धत रूढ झाली आहे. उद्घाटनाच्या कित्येक महिने आधी स्वयंसेवकांना खोटी तिकिटे आणि खऱ्या बॅगा देऊन आत सोडतात. कोणी वाट चुकायचे, कोणी बॅग विसरायची, कोणी व्हीलचेअर मागायची, असे ठरवून दिलेले असते. एखादा पट्टा मुद्दाम बंद पाडतात. लग्नघरी आदल्या रात्री आचारी, वाढपी आणि पाहुण्यांची बडदास्त ठेवणारे एकदा सगळे हिशेब जुळवून पाहतात, तसाच हा प्रकार, फक्त हजारपट मोठा.

टर्मिनल मोठे, धावपट्टी तेवढीच

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे येऊ. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, एक ३,४४८ मीटरची आणि दुसरी २,८७१ मीटरची. परंतु त्या एकमेकींना छेदतात. चौकात जसे दोन्ही रस्त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा देता येत नाही, तसे येथे दोन्ही धावपट्ट्यांवर एकाच क्षणी विमाने सोडता येत नाहीत. व्यवहारात मुंबई एकाच धावपट्टीवर चालते. गर्दीच्या तासात तेथे ४६ च्या आसपास विमाने उतरतात आणि उडतात, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. एका धावपट्टीवर असे काम करून दाखवणारे विमानतळ जगात फार थोडे आहेत, आणि मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचे कौशल्य त्यांच्या टर्मिनलइतके कोणी वाखाणत नाही, हे मला नेहमी खटकते.

विमान कंपनीला उतरण्याची आणि उडण्याची जी ठरावीक वेळ मिळते तिला स्लॉट म्हणतात. स्लॉट धावपट्टीवरून ठरतो, टर्मिनलवरून नाही. सांताक्रूझच्या नव्या टर्मिनलची क्षमता वर्षाला दोन कोटी, म्हणजे पूर्वीपेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक असेल असे जाहीर झाले आहे. त्याचा अर्थ ४२ टक्के जास्त विमाने असा होत नाही. मग टर्मिनल वाढवून काय साधते? एक तर त्याच ७८ सेकंदांत जास्त माणसे वाहून नेणारी मोठी विमाने हाताळता येतात. दुसरे, इमारतीतून थेट विमानाच्या दाराला जोडणारे पूल, म्हणजे एरोब्रिज, वाढले की प्रवाशांना बसमधून नेण्या-आणण्यात जाणारी मिनिटे वाचतात, विमान लवकर मोकळे होते आणि त्याची जागा पुढच्याला मिळते. तिसरे, एकच दार दुपारी देशांतर्गत आणि रात्री आंतरराष्ट्रीय विमानाला वापरता येईल अशी सरकत्या पडद्यांची रचना करता येते. २०१३-१४ मध्ये मुंबईने सुमारे ३.२ कोटी प्रवासी हाताळले आणि २०२४-२५ मध्ये ५.५ कोटी, त्याच दोन छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर. यामागे धावपट्टीवरून लवकर बाहेर पडू देणारे तिरके टॅक्सी-वे, रिकाम्या तासांत भरलेली उड्डाणे आणि मोठी, अधिक भरलेली विमाने या सर्वांचा वाटा आहे.

सोलापूरच्या दृष्टीने मेख या ‘मोठ्या विमानां’पाशी आहे. आपल्याकडून मुंबईला जाणारे विमान ७६ आसनांचे. ते धावपट्टीवर जेवढा वेळ घेते तेवढाच वेळ साडेतीनशे आसनांचे विमानही जवळपास घेते. उलट मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे उठतात, त्यामुळे त्यामागून उतरणाऱ्या लहान विमानाला पाच सागरी मैल अंतर ठेवावे लागते, जे एरव्ही तीन मैलांपर्यंत पुरते. म्हणजे लहान विमान गर्दीच्या तासात थोडी जास्तच जागा खाते. टर्मिनल जितके भव्य होईल तितका त्यातून मिळणारा लाभ मोठ्या विमानांना जास्त, आणि मुंबईच्या सकाळच्या स्लॉटसाठी लहान शहरांची ओढाताण तशीच. चिमणीचा अडसर गेल्यानंतरही मुंबईचे विमान यायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. इतर कारणांबरोबर मुंबईतील वेळेची टंचाई हेही त्यात होतेच.

हा खर्च कोणाच्या खिशातून?

थोडक्यात सांगायचे तर तिकिटातून. विमानतळ चालवणारी कंपनी आधी पैसा उभा करते. नंतर भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, ज्याचा कायदा २००८ चा आहे, त्या गुंतवणुकीचा हिशेब तपासून विमान कंपन्यांकडून आणि प्रवाशांकडून किती आकारणी करायची ते ठरवते. सहारच्या टर्मिनलच्या काळात मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाकडून १०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून ६०० रुपये विकास शुल्क घेतले जात होते. दुकाने, उपाहारगृहे आणि वाहनतळ यांच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग या आकारणीतून वजा धरला जातो, आणि मुंबईच्या कंपनीला आपल्या महसुलातील ३८.७ टक्के वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला द्यावा लागतो. सुरक्षा तपासणीतून बाहेर पडताच प्रवाशाला अत्तरे आणि चॉकलेटांच्या दुकानांमधून नागमोडी वाटेने का चालवत नेतात, याचे गणित येथे सापडते. दुकानांनी दिलेला प्रत्येक रुपया काही अंशी शुल्क कमी ठेवतो. तरी शंभर रुपयांच्या समोशाचे समर्थन मला यातून करता येत नाही.

सोलापूरकराने मग कशाकडे लक्ष ठेवावे? सांताक्रूझच्या इमारतीची संकल्पचित्रे प्रसिद्ध होतील तेव्हा ती जरूर पाहावीत. परंतु त्यापेक्षा महत्त्वाच्या बातम्या बहुधा आतल्या पानांवर येतील. टर्मिनल १ मधून कोणत्या कंपन्यांची कोणती उड्डाणे नवी मुंबईला हलतात, त्यांनी मोकळ्या केलेल्या वेळा मुंबईत कोणाला दिल्या जातात, त्यांत प्रादेशिक सेवांचा वाटा राखला जातो की नाही, आणि नवी मुंबईची दुसरी, समांतर धावपट्टी केव्हा तयार होते. ती धावपट्टी पहिल्या ३,७०० मीटरच्या धावपट्टीला छेदणार नाही, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी काम करता येईल, जे मुंबईला कधीच जमणारे नाही. पुण्याहून द्रुतगती मार्गाने आलेल्या माणसाला नवी मुंबईचा विमानतळ मुंबई शहरात शिरण्याआधीच, पनवेलच्या बाजूला लागतो. सोलापुरातून रात्री गाडी काढून पहाटेचे आंतरराष्ट्रीय विमान गाठणाऱ्या कुटुंबासाठी सहारपर्यंतचा शेवटचा, सर्वांत गर्दीचा टप्पा त्यामुळे वगळला जाईल. आणि सोलापूरहून एखादे लहान विमान उद्या सांताक्रूझ किंवा सहारऐवजी तेथे उतरले, तर त्याला सकाळचा स्लॉट मिळण्याची शक्यताही अधिक राहील.